कप्तान मुल्ला

मंडळी, आज एका कप्तानाची गोष्ट सांगतो. त्यांचं नाव महेंद्रनाथ मुल्ला. जन्म १९२६ साली, गोरखपूरला. १९४८ साली ते आपल्या नौदलात अधिकारी झाले. पुढे ‘खुकरी’ हे लढाऊ जहाज त्यांच्या हाती आलं.

१९७१ साली पाकिस्तानशी लढाई जुंपली. दीवजवळच्या समुद्रात शत्रूची पाणबुडी लपली होती. पाणबुडी म्हणजे पाण्याखालून चालणारं जहाज. ते वरून दिसत नाही. तिला हुडकून बुडवायला ‘खुकरी’ मुंबईहून निघाली.

९ डिसेंबरची रात्र होती. पावणेनऊ वाजून गेले होते. पाणबुडीने टॉर्पेडो सोडला. टॉर्पेडो म्हणजे पाण्यातून धावत येणारा बाँबच. तो ‘खुकरी’ला लागला. जहाजात पाणी शिरलं. मिनिटांतच ते बुडणार होतं.

कप्तानांनी जहाज सोडायचा हुकूम दिला. जमेल तितक्यांना त्यांनी पाण्यात उतरवलं. पाण्यावर तरंगण्यासाठी एक जाकीट असतं. आपलं जाकीट त्यांनी एका खलाशाला देऊन टाकलं. स्वतः मात्र ते जहाजावरच राहिले आणि जहाजाबरोबर गेले.

कप्तानाने जहाजाबरोबर बुडावं, असा काही कायदा नाही. पण आपली माणसं आत अडकलेली असताना त्यांचा पाय निघाला नाही. त्या रात्री १९४ जण गेले. ६७ वाचले. मुल्लांना मरणोत्तर महावीरचक्र मिळालं. दीवला समुद्रकाठी ‘खुकरी’चं स्मारक आहे.

मंडळी, गाव असो की घर, कर्त्या माणसाला पहिला मान मिळतो. म्हणून संकटातून त्याने सर्वांच्या शेवटी बाहेर पडावं.