‘ऑनेस्ट’ म्हणजे काय?
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आपला शब्दसंग्रह कसा वाढवावा, हा विषय मला दिला आहे. समोर उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची मुलं-मुली बसली आहेत. बरीचशी मराठी माध्यमातली, काही हिंदी, काही सिंधी घरांतली. तुमच्यापैकी अनेकांकडे एक वही असते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. ‘ऑब्फस्केट’, ‘पर्स्पिकेशस’, ‘लोक्वेशस’. ही वही कष्टाने भरलेली असते आणि त्या कष्टांचा मला आदर आहे. पण साहित्याचा विद्यार्थी या शब्दांपाशी फारसा अडत नाही. ते दिसले की तो कोश उघडतो आणि पुढे जातो. तो खरा अडतो ‘ऑनेस्ट’पाशी, ‘नेचर’पाशी, ‘नाइस’पाशी, आणि आपण अडलो आहोत हे त्याला कळतही नाही.

‘ऑनेस्ट’चंच घेऊ. शाळेत शिकलेला शब्द, अर्थ प्रामाणिक, मार्क मिळाले, विषय संपला. आता शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ उघडा. विल्यम एम्पसन नावाच्या समीक्षकाने या नाटकात ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ हे शब्द किती वेळा येतात ते मोजलं. 52 वेळा. त्यावर त्याने एक अख्खा निबंध लिहिला. 1951 च्या ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स’ या पुस्तकात तो आहे. आयागो हा नाटकातला सर्वांत कपटी माणूस, आणि सगळे त्यालाच ‘ऑनेस्ट’ म्हणतात. आपण वर्गात लिहून घेतो, ‘येथे नाट्यात्म विरोधाभास आहे’, आणि पान उलटतो. पण त्या काळात हा शब्द किती कामं करत होता ते पाहा. खरं बोलणारा तो ऑनेस्ट. मित्राला न सोडणारा तोही ऑनेस्ट. मनात काही न ठेवणारा, चारचौघांत रमणारा दिलखुलास गडी, तोही. बाईच्या बाबतीत हा शब्द आला की त्याचा अर्थ एकदम वेगळा होतो, तिथे तो तिच्या शीलाबद्दल बोलतो. आणि वरच्या पायरीवरच्या माणसाने खालच्या पायरीवरच्याला ‘ऑनेस्ट’ म्हटलं, तर त्यात ‘बिचारा भला माणूस आहे’ असा पाठीवर हात ठेवल्याचा सूर येतो. बढती हुकलेल्या आयागोला साहेबलोकांच्या तोंडून हा शब्द पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. तो त्याला टोचत असणार की नाही? आणि ऑथेल्लो जेव्हा आपल्या बायकोबद्दल हाच शब्द वापरून प्रश्न विचारतो, तेव्हा मित्राच्या खरेपणाचा आणि पत्नीच्या शीलाचा प्रश्न त्या एकाच शब्दात गुंतलेला असतो. ‘प्रामाणिक’ एवढ्या एका अर्थावर नाटक वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, आणि त्याची वही मात्र भरलेली असते.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे : प्रगत शब्दसंग्रह म्हणजे ओळखीच्या शब्दांचे दुसरे, तिसरे, चौथे अर्थ. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली आपला इंग्रजी कोश छापला, त्यात सुमारे 42 हजार शब्द होते. त्यात ‘टेक’ या क्रियापदाचे त्याने 134 अर्थ दिले, आणि शब्द कसा वापरतात ते दाखवायला लेखकांची वाक्यं दिली. जॉन्सन साहित्याचा माणूस होता. शब्द लेखकाच्या वाक्यात राहतो, हे त्याला ठाऊक होतं.

जेन ऑस्टिनच्या 1813 च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये मिस्टर कॉलिन्स आपल्या आश्रयदात्या बाईंच्या ‘कंडिसेन्शन’ची भरभरून स्तुती करतो. आज हा शब्द कुणाला लावला तर भांडण होईल. तेव्हा मोठ्या घरच्या बाईने आपला मान बाजूला ठेवून लहान माणसाशी बोलावं, याला तो गुण समजत. ऑस्टिन मात्र हे लिहिताना हसते आहे. म्हणजे जुना अर्थ कळल्याशिवाय तिचं हसूही कळत नाही. शेक्सपिअरमध्ये ‘प्रेझेंटली’ म्हणजे बहुतेकदा लगेच, आणि ‘लेट’ म्हणजे कधी कधी चक्क अडवणे. हे शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून आपण कोश उघडत नाही. फसगत तिथेच होते.

आता ‘किती शब्द लागतील?’ हा तुमचा नेहमीचा प्रश्न. मायकेल वेस्ट नावाचे शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवताना त्यांना हा प्रश्न पडला, आणि पुढे 1953 साली त्यांची सुमारे 2,000 शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले दहापैकी आठ शब्द तेवढ्यात निघतात. उरलेल्या दोनांसाठी मात्र लांब चालावं लागतं. पॉल नेशन या भाषाभ्यासकाने 2006 मध्ये हिशेब मांडला, की कादंबरी कुणाच्या मदतीशिवाय वाचायची तर शंभरातले 98 शब्द कळायला हवेत, आणि त्यासाठी 8 ते 9 हजार शब्दकुळं लागतात. शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची पिलावळ. 300 शब्दांच्या पानावर सहा शब्द अडले तर वाचन चालू राहतं, पंधरा अडले की पुस्तक मिटतं आणि हात गाइडकडे जातो.

गाइडबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. गाइड कथानक सांगतं, पात्रांचे स्वभाव सांगतं, प्रश्नांची उत्तरं देतं. ते एकच गोष्ट देऊ शकत नाही, ती म्हणजे लेखकाचे शब्द. तीन वर्षं गाइडवर काढलेल्या मुलाला पदवी मिळते, पण त्याचा शब्दसंग्रह बारावीतच थांबलेला असतो. याचा दोष मी त्याला देत नाही. एका सत्रात इतक्या पुस्तकांची नावं अभ्यासक्रमात घालायची आणि एकही पूर्ण वाचून घ्यायचं नाही, ही चूक आपल्या शिक्षकांच्या बाजूची आहे.

तुमच्याकडे काहीच नाही असं समजू नका. एक मोठी गोष्ट तुम्ही घरूनच घेऊन आला आहात. माणूस ‘मेला’, ‘वारला’, ‘निवर्तला’, ‘त्यांचं निधन झालं’, ‘ते कैलासवासी झाले’. यातलं कुठलं कुणाबद्दल आणि कुणासमोर म्हणायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही, तरी तुम्ही चुकत नाही. इंग्रजीतही असेच थर आहेत. जुने सॅक्सन शब्द, 1066 नंतर नॉर्मन राजवटीबरोबर आलेले फ्रेंच शब्द, आणि वर विद्वानांनी आणलेले लॅटिन-ग्रीक. ‘आस्क’, ‘क्वेश्चन’, ‘इंटरॉगेट’ हे तिन्ही ‘विचारणे’च, पण पहिला घरातला, दुसरा जरा औपचारिक आणि तिसरा पोलीस ठाण्यातला. ज्या घरात आजी सिंधी बोलते, बाजारात हिंदी चालते आणि ऑफिसात मराठी, त्या घरातल्या मुलाचा कान यासाठी तयारच असतो. आपल्याकडे ‘आजोबा एक्स्पायर झाले’ असं सर्रास म्हणतात. कादंबरीत डिकन्स कुठे ‘डाय’ लिहितो आणि कुठे ‘एक्स्पायर’, हे तपासून पाहा. मराठीतली ती जाण तिथे कामाला येईल.

शब्दांची कुळंही आपल्या रस्त्यावरच आहेत. उल्हासनगरात आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात, कारण हे गाव दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत, कल्याण कॅम्पात, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलं. स्टेशनसमोर सीएचएम कॉलेजचा ‘कॅम्पस’ आहे. ‘कॅम्प’, ‘कॅम्पस’, ‘कॅम्पेन’, ‘चॅम्पियन’ हे सगळे लॅटिनमधल्या मैदानाच्या एकाच शब्दापासून निघालेले. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. पुष्कळ जण ती ‘ऑर्डिनन्स’ लिहितात. पहिला शब्द तोफा-दारूगोळ्याचा, दुसरा वटहुकमाचा, आणि गंमत म्हणजे मुळात दोन्ही एकच. नॉर्मन लुईस यांचं 1949 सालचं ‘वर्ड पॉवर मेड इझी’ धातू ओळखायला शिकवतं, ते जरूर वापरा. पण धातू कळला म्हणजे लेखक कळला असं होत नाही.

आता एक शस्त्र सांगतो, जे मराठी विद्यार्थ्याकडेच आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती 1831 ची, दुसरी 1857 ची, सुमारे 60 हजार शब्दांची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. आपण नेहमी इंग्रजीकडून मराठीकडे येतो. इथे उलट जा. मनातला अस्सल मराठी शब्द काढा आणि त्याच्या छटा पकडायला मोल्सवर्थने कुठले कुठले इंग्रजी शब्द पणाला लावले ते पाहा. इंग्रजी जुनं आहे, पण एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या वाचणाऱ्याला तेच तर हवं. जुन्या मराठी पुस्तकांची ओढ लागली तर बदलापुरात श्याम जोशींचं ग्रंथसखा वाचनालय आहे; दुर्मीळ मराठी ग्रंथांसाठी लोक लांबून तिथे येतात.

वही टाकून देऊ नका, तिची मांडणी बदला. शब्द एकटा लिहू नका. लेखकाचं अख्खं वाक्य, ते कोण कुणाला म्हणतं, आणि त्या जागी आपल्याकडचा माणूस काय म्हणाला असता, एवढं लिहा. कोश इंग्रजी-इंग्रजी वापरा. पहिल्या वाचनात फक्त खुणा करा, कोश दुसऱ्या वाचनाला उघडा. एम.ए.साठी मुंबई विद्यापीठात कलिनाला जाणाऱ्यांना गर्दीच्या लोकलमध्ये पुस्तक उघडता येत नाही, त्यांनी लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर तेच पुस्तक कानाने ऐकावं.

आणि या सुट्टीत एकच नाटक घ्या, ‘ऑथेल्लो’. सोबत गोविंद बल्लाळ देवलांचं ‘झुंझारराव’ ठेवा. 1890 मध्ये त्यांनी याच नाटकावरून ते मराठीत आणलं. ‘ऑनेस्ट’ आला की पेन्सिलने खूण करा, आणि त्या जागी देवलांनी कुठला मराठी शब्द घेतला, कुठे शब्दच टाळला, ते समासात लिहीत चला. कॉलेज उघडल्यावर ते समास घेऊन आपल्या प्राध्यापकांकडे जा आणि वर्गात त्यावर बोलायला एक तास मागा.