१६८ तासांचा हिशोब

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंधरा दिवसांपूर्वी सेक्रेटरीकाकांनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "हल्लीची कॉलेजची मुलं आठवडाभर नेमकं काय करतात, यावर तू दहा मिनिटं बोल." मी लगेच हो म्हटलं. कारण मागच्या गणपतीत नाव देऊन मी ऐनवेळी पळाले होते, आणि ते काकांच्या पक्कं लक्षात आहे.

मी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय केमिस्ट्री. कॉलेज दादरजवळ. म्हणजे डोंबिवलीहून रोज लोकलने जाऊन-येऊन. पहाटे सव्वापाचला उठते, सहाला घर सोडते. शेअर रिक्षा, मग गाडी, मग चालत. साडेसातला कॉलेजच्या गेटवर. चौथी सीट मिळाली तर दिवस चांगला जाणार असं आम्ही मैत्रिणी मानतो. पावणेआठला पहिलं लेक्चर, दोन-सव्वादोनला शेवटचं प्रॅक्टिकल संपतं, आणि पावणेचारला मी आपल्या गेटमधून आत येते. बाकावर बसलेल्या काकू विचारतात, "सुटलं का गं एवढ्यात? मजा आहे तुमची!"

काकू, आज त्या मजेचा हिशोब देते.

आमची बॅच नव्या शैक्षणिक धोरणाची. आपल्या राज्यात संलग्न कॉलेजांमध्ये ते २०२४-२५ पासून लागू झालं, त्याच वर्षी मी एफ.वाय.ला गेले. आता सगळं क्रेडिटमध्ये मोजतात. एका सेमिस्टरला २२ क्रेडिट. मेजर विषय, मायनर विषय, दुसऱ्या शाखेतला एखादा विषय, भाषा, प्रोजेक्ट, एनएसएससारखे उपक्रम, सगळं त्यात आलं. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास लेक्चर. प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास. माझी १४ क्रेडिट थिअरीची आणि ८ प्रॅक्टिकल-प्रोजेक्टची. म्हणजे १४ अधिक १६, आठवड्याला ३० तास वर्गात आणि प्रयोगशाळेत. शनिवारी अर्धा दिवस असतो, तो धरून.

पण गोष्ट तिथे संपत नाही. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे ३० तासांचा एकूण अभ्यास धरलेला आहे, वर्गातला आणि वर्गाबाहेरचा मिळून. २२ क्रेडिटचे झाले ६६० तास. सेमिस्टर १५ आठवड्यांचं. भागाकार करा, आठवड्याला ४४ तास येतात. त्यातले ३० कॉलेजात झाले. उरलेले १४ तास घरी बसून अभ्यास करणं अपेक्षित आहे. हे मला एफ.वाय.ला कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर सांगितलं असेल, मी ऐकलं नव्हतं.

आता आठवड्याचे तास १६८. झोप ४४, कारण सहा रात्री सहा-सहा तास आणि शनिवारी रात्री आठ. लेक्चर-प्रॅक्टिकल ३०. दोन लेक्चरच्या मधल्या मोकळ्या वेळेचे ६. प्रवास रोज तीन तास, सहा दिवसांचे १८. आंघोळ, जेवण, आईला हाताखाली मदत, भाजी आणणं, रोजचे तीन धरले तर २१. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी आपल्याच बिल्डिंगमधल्या सातवी-आठवीच्या मुलांची शिकवणी घेते, त्याचे ६. बेरीज १२५. उरले ४३ तास!

४३ तासांतून १४ तास काढायला काय हरकत आहे? मग मी पहिल्या सेमिस्टरला एका पेपरात नापास कशी झाले?

हो, झाले. इथल्या बऱ्याच जणांना हे आज पहिल्यांदाच कळतंय. घरीसुद्धा मी अकरा दिवस सांगितलं नव्हतं. दहावीला पेढे वाटलेल्या मुलीला एटीकेटी लागली, हे आई-बाबांना कुठल्या तोंडाने सांगायचं? त्या दिवसांत मी लिफ्ट टाळायची, जिन्याने जायची. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी ते ओळखलं. आजोबा रेल्वेतून निवृत्त झाले, गाड्यांच्या वेळापत्रकाच्या कामात त्यांची नोकरी गेली. त्यांनी हाक मारून आत बसवलं आणि "काय झालं?" एवढंच विचारलं. मी आधी रडले, मग बोलले. ते म्हणाले, "पहिलं काम, आज रात्री घरी सांग. दुसरं काम उद्या."

घरी सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "अकरा दिवस एकटीच घेऊन बसलीस?" मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं, आणि जास्त लागलंही.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांकडे नवीन टाइमटेबल घेऊन गेले. चार रंगांच्या पेनांनी केलेलं, रोज पाच तास अभ्यास. आजोबांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "हे कधीपर्यंत चाललं?" मी म्हटलं, "उद्यापासून सुरू करणार आहे." ते म्हणाले, "मंगळवारी बंद पडेल. आधी सात दिवस गाडी प्रत्यक्षात किती वाजता पोचते ते लिही. टाइमटेबल मग."

सात दिवस मी वहीत दर तासाला काय केलं ते लिहिलं. खोटं लिहायचं नाही ही अट होती. त्यातून दोन गोष्टी कळल्या. पहिली म्हणजे ते ४३ तास सलग नव्हतेच. वीस मिनिटं इथे, अर्धा तास तिथे. आमचं घर वन बीएचके, माणसं पाच. संध्याकाळी आजीच्या मालिका, भाऊ दहावीत, बाबा आठला येतात. पुस्तक उघडलं की कुकरची शिट्टी, ती संपली की दाराची बेल. दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. फोनमध्ये रोजच्या वापराची नोंद असते. माझी सरासरी निघाली ३ तास ४० मिनिटं. आठवड्याचे जवळजवळ २६ तास! त्यातले थोडे गाडीतले धरा, तरी २० तास घरातलेच. आणि अभ्यास? पूर्ण आठवड्यात ४ तास. घराला दोष देऊन मी मोकळी झाले असते, पण वही समोर होती.

मग आजोबांनी वेळापत्रक करायला बसवलं. तीन गोष्टी त्यांच्याकडून शिकले, त्या इथल्या दहावी-बारावीच्या मुलांसाठी सांगते.

एक, जागा आणि वेळ ठरलेली. रात्री नऊ ते अकरा, एकाच टेबलावर, फोन घरी ठेवून. त्या दिवशी जे शिकवलं ते त्याच रात्री वाचायचं. प्रॅक्टिकलचं जर्नलही त्याच दिवशी पूर्ण करायचं. सेमिस्टरच्या शेवटी सह्यांसाठी जर्नल घेऊन धावणारी मी आता त्या रांगेत नसते.

दोन, भरपाईचा वेळ. गाड्यांच्या वेळापत्रकात मुद्दाम थोडा जास्तीचा वेळ ठेवलेला असतो, म्हणजे वाटेत उशीर झाला तर पुढे तो भरून काढता येतो. माझी बुधवारची रात्र तशी रिकामी आहे. सोमवारी पाहुणे आले, मंगळवारी गाड्या रखडल्या, तर ते काम बुधवारी. काही राहिलं नसेल तर बुधवारी मी लवकर झोपते.

तीन, रविवारचा मेगाब्लॉक. मेगाब्लॉकला आपण सगळे वैतागतो, पण तेव्हा रुळांची दुरुस्ती होते म्हणून सोमवारी गाडी धावते. रविवारी दहा ते दोन मी नवीन काहीच वाचत नाही. आठवड्यात जे कळलं नाही तेवढंच काढून बसते. रविवारची संध्याकाळ पूर्ण माझी.

पाच रात्रींचे दहा आणि रविवारचे चार, झाले १४ तास. एटीकेटीचा पेपर दुसऱ्या प्रयत्नात सुटला. मार्क मिरवण्यासारखे नव्हते, पण सुटला. त्यानंतर एकही विषय राहिलेला नाही.

आता ते टेबल कुठलं, हे सांगायचं राहिलं. पहिले चार महिने ते आजोबांच्या बाहेरच्या खोलीत होतं. मग आजींचं दुखणं वाढलं, घरात नर्स येऊ लागली. तेव्हा आजोबांनी कमिटीला अर्ज केला आणि जूनपासून सोसायटीचं ऑफिस रात्री नऊ ते अकरा अभ्यासाला उघडं झालं. ३१ मार्चपर्यंत प्रायोगिक, अकराला कुलूप, रजिस्टरमध्ये सही, आणि फक्त सभासदांच्या मुलांसाठी. चावी माझ्याकडे आहे. आम्ही सहाजण तिथे बसतो. कमिटीचे मनापासून आभार.

पण एक गोष्ट मला आजच बोलायची आहे. आपल्या वॉचमनकाकांचा मुलगा एफ.वाय.बी.कॉम.ला आहे. सकाळी कॉलेज, दुपारी दोन ते साडेनऊ औषधाच्या दुकानात काम, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे ४५ तास नोकरीचेच. क्रेडिट त्यालाही २२च आहेत. जुलैमध्ये तो दोन रात्री पावणेदहाला येऊन आमच्या टेबलाच्या टोकाला बसला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी नियम दाखवला. त्याला सांगायचं काम चावीवालीकडे आलं. मी दारात उभी राहून म्हणाले, "अरे, नियम आहे रे." तो "हो ताई" म्हणाला आणि वह्या उचलून गेला. तेव्हापासून तो गेटवरच्या केबिनमध्ये बसतो. प्रत्येक गाडीला उठून गेट उघडतो, कारण तेवढ्यात वडिलांना जेवता येतं. रात्री अकराला कुलूप लावून मी त्याच्या समोरून जाते. गेले काही महिने रोज जाते आणि खाली बघून जाते. नियम कमिटीचा असेल, पण ते वाक्य माझं होतं. त्या दिवशी मी निदान सेक्रेटरीकाकांकडे जाऊन विचारायला हवं होतं.

म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे दोन विनंत्या ठेवते. मी सभासद नाही, त्यामुळे बाबांनी अर्जावर सही केली आहे. पहिली, ऑफिसमधली अभ्यासाची सोय ३१ मार्चनंतरही चालू ठेवावी. विजेचा प्रश्न निघेल म्हणून हिशोब करून आणलाय. एक २० वॉटची ट्यूब आणि एक ७५ वॉटचा पंखा, रोज दोन तास, महिन्याच्या २६ रात्री. साधारण ५ युनिट होतात. आम्ही सहाजण ते वर्गणी काढून भरायला तयार आहोत. दुसरी विनंती, नियमात "सभासदांच्या मुलांसाठी" आहे तिथे "सोसायटीत राहणाऱ्या मुलांसाठी" असं करावं. भाडेकरूंची मुलं त्यात येतील, वॉचमनकाकांचा मुलगाही येईल. टेबलाला आठ खुर्च्या आहेत, दोन रिकाम्याच असतात.

आपली सोसायटी माझ्यापेक्षा मोठी आहे. पंचवीस वर्षांपूर्वी इथे पाण्याचा टँकर यायचा तेव्हा कुणाच्या बादल्या आणि कुणाच्या नाही असं पाहिलं जात नव्हतं, हे आजीच्या तोंडून मी कितीदा ऐकलंय. त्या भरवशावर हे बोलले. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर माफ करा.

आणि काकू, उद्या पावणेचारला मी गेटमधून आत येईन तेव्हा "सुटलं का" ऐवजी "आज काय शिकवलं" असं विचारा. उत्तर ऐकायला तुमच्याकडे वेळ हवा मात्र, मी बरंच सांगेन!



— एक रहिवासी, द्वितीय वर्ष बी.एस्सी., 'बी' विंग