जुन्या मोटारसायकलीचे ब्रेक

पुष्कळ घरांतून वडिलांच्या वेळची एखादी जुनी बुलेट जिवापाड जपलेली असते. टाकीला नवा रंग चढतो, आसनाला नवें कातडें येतें, इंजिनाचा संथ ठोका ऐकून आळींतलीं मुलें गोळा होतात, आणि एके दिवशीं चिरंजीव धाकट्या बहिणीला मागें बसवून घाटाच्या वाटेला लागतात. ब्रेकची आठवण व्हावयाची ती मात्र बहुधा घाट उतरतांनाच होते.

१९५५ मध्यें मद्रासेस एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली, तेव्हां रस्त्यांवर वाहनें तुरळक होतीं. आज त्याच गाडीला भरगर्दींत एकाएकीं थांबावें लागतें. तासाला ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारें १७ मीटर जाते. धोका ओळखून हात आवळेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढें अंतर फुकट गेलें. पुढें चांगला ब्रेक तिला २८ मीटरांत उभी करील. ब्रेकचा जोर निम्मा असेल, तर ५६ मीटर लागतील. मधल्या २८ मीटरांत काय उभें असेल, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

गाडी थांबूं लागली कीं तिचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरें काम पुढच्या ब्रेकचें. पण उलटून पडण्याच्या भीतीनें कित्येकजण त्याला हातच लावीत नाहींत आणि सारी भिस्त पायावर ठेवितात. त्यांतून जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशीं आणि ब्रेक डाव्या पायाशीं. इतर गाड्यांची संवय असलेला माणूस घाबरला कीं उजवा पाय दाबतो, व ब्रेकऐवजीं गिअर बदलतो!

सुधारणेचा आरंभ नवीन सामानानें करूं नये. आधीं चाक उतरवून ड्रम उघडावा. लायनरवर चकाकी चढली आहे काय, बेअरिंगचें ग्रीस आंत उतरलें आहे काय, केबलच्या तारा तुटल्या आहेत काय, हें पाहावें. आंतली धूळ फुंकून उडवूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. ती ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. ब्रेक धरतांना हाताला हिसके बसत असतील, तर ड्रमाचा गोल बिघडला आहे असें समजावें. स्पोक ओढून बांधले कीं तो किंचित् लंबगोल होतो. म्हणून जाणते कारागीर चाक बांधून झाल्यावरच ड्रम लेथवर घेतात व लायनर त्याच गोलाईला घासून बसवितात. एवढ्यानेंही पुष्कळ ब्रेक पुन्हां जिवंत होतात.

याहून अधिक हवें असेल, तर पांचशें सी. सी. बुलेटला आलेला सात इंची, दोन कॅमांचा ड्रम आहे. साध्या ब्रेकमध्यें दोन शूंपैकीं एकालाच फिरता ड्रम आपणाकडे ओढून घेतो व दुसऱ्याला दूर ढकलतो. दोन कॅम असले कीं दोन्ही शू ओढले जातात. मात्र त्यांना जोडणारी दांडी अशी जुळवावी लागते कीं दोन्ही एकाच क्षणीं टेंकतील. येथें चूक झाली तर खर्च व्यर्थ. शिवाय चढावर थांबलेली गाडी मागें सरूं लागली, तर चाक उलट फिरून दोन्ही शू ढकलले जातात आणि हाच ब्रेक दुबळा ठरतो. तेथें मागच्या ब्रेकचा आधार घ्यावा.

डिस्क बसविणें हा मोठा पालट होय. नंतरच्या बुलेटींना २८० मिलिमीटरांची डिस्क आली, पण तिच्यासाठीं हब, फोर्क, कॅलिपर व तेलाची नळी हीं सगळीं एकमेकांना साजेशीं लागतात. कोणी वेल्डिंगनें कॅलिपर चिकटवून देऊं म्हटलें, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषितें, म्हणून तें साधारण दोन वर्षांनीं बदलावें. टायर जुना व कडक असेल, तर पहिल्या पावसाच्या निसरड्या रस्त्यावर जोरदार ब्रेक त्याला घसरवीलच.

घाट उतरतांना खालच्या गिअरमध्यें राहावें. सतत धरून ठेवलेला ड्रम तापतो आणि ऐन वळणावर त्याची पकड सैल होते. नवे लायनर ड्रमाशीं नीट जुळेपर्यंत मोकळ्या, सपाट रस्त्यावर बेताबेतानें गाडी थांबवून पाहावी. तोंवर चिरंजीवांनीं घाटाचा बेत लांबणीवर टाकावा आणि बहिणीला बसनें पाठवावें.