मालवणचा समुद्र राखावयाचा कोणी?

(मुकुंदवाडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



मुकुंदवाडीत बसून समुद्राची चर्चा कशासाठी, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर मला दिसतो आहे. परंतु ज्या नाथसागराचे पाणी आपण रोज पितो, त्याचा सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा परिसर १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि त्याच पाण्यात जाळे टाकून जगणारी माणसेही आहेत. पुढच्याच वर्षी, १३ एप्रिल १९८७ रोजी, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य ठरले. तेथील मच्छीमारांचा विरोध तेव्हापासून आजवर शमलेला नाही.

हा विरोध अडाणीपणाचा आहे असे शहरी निसर्गप्रेमी मानतात. वस्तुतः किल्ल्याजवळचे खडक आणि प्रवाळ हे माशांचे पाळणाघर आहे, हे मच्छीमाराला कोणी शिकवावे लागत नाही. त्याचा आक्षेप वेगळा आहे: आमच्या चुलीची सीमा आम्हांस न विचारता कोणी आखली? गंमत अशी की, सागरी अभयारण्य घोषित करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताचे पुरेसे रक्षण केले पाहिजे, ही अट वन्यजीव कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने आली. मालवणची घोषणा तिच्या चार वर्षे आधीची!

येथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. गॅरेट हार्डिनचा १९६८ चा निबंध मी वर्षानुवर्षे वर्गात शिकविला. सामायिक कुरणात प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवितो आणि कुरण उजाड होते. म्हणून उपाय दोनच, खाजगी मालकी किंवा सरकारी अंमल. विद्यार्थी माना डोलवीत, मीही समाधानी असे. सामायिक मालकी आणि बेवारस माल यांत हार्डिनने गल्लत केली आहे, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे लेखन वाचल्यावर उशिराच उमगले. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मालवणच्या किनाऱ्यावरील रापण हे त्यांच्या सिद्धांताचे चालतेबोलते उदाहरण होय. किनाऱ्यावरून ओढावयाच्या या अजस्र जाळ्याला अनेक हात लागतात, आणि मासळीची वाटणी त्या हातांत होते. जेथे वाटणीचा नियम असतो, तेथे राखणीचा नियमही रुजू शकतो.

मग समुद्र उजाड कोण करते? भांडवल. ट्रॉलर तळ खरवडतो, पर्ससीन जाळे थव्याच्या थवा वेढून उचलते, एलईडी दिव्यांची नौका रात्री मासळीला भुलवून गोळा करते. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध आले, २०१७ साली केंद्राने एलईडी मासेमारीस बंदी केली, २०२१ साली दंड लाखांच्या घरात गेला. तरीही पारंपरिक मच्छीमारांना याच मागण्यांसाठी पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावे लागते. कायदा कागदावर कठोर आणि समुद्रावर नौकेविना, अशी ही अवस्था आहे. या बड्या नौकांवर राबणारा खलाशी, कित्येकदा थेट नेपाळहून आलेला, हाही मजूरच आहे, हे मात्र आपण विसरता कामा नये. लढा मालकाशी आहे.

‘अभयारण्य रद्द करा’ या घोषणेला आपण डोळे मिटून पाठिंबा द्यावा, असे मला म्हणूनच वाटत नाही. उद्या ते रद्द झाले तर मोकळ्या झालेल्या पाण्यावर पहिला हक्क रापणकऱ्याचा राहील, की पर्ससीनमालकाचा आणि पर्यटनाच्या ठेकेदाराचा? प्रवाळावर पर्यटकांच्या नौकांचे नांगर पडतात, तेही नुकसानच आहे. आपली मागणी अशी असावी: गाभ्याचे सुमारे ३ चौरस किलोमीटर कोठे आणि किती काळ बंद ठेवावयाचे, हे मच्छीमार सहकारी संस्थांनी शास्त्रज्ञांसह बसून ठरवावे. बंदीच्या काळातील बुडीत रोजगार शासनाने भरून द्यावा. गस्तीच्या नौकेवर वनरक्षकाबरोबर गावचा मच्छीमार, पगारी नोकर म्हणून असावा. आणि गस्त अभयारण्याच्या रेषेवर न थांबता १२ सागरी मैलांपर्यंतच्या राज्याच्या हद्दीत फिरावी.

यावर मालवणच्या साथींचे मत भिन्न असू शकेल. त्यांचे ऐकून माझा मसुदा दुरुस्त करावयास मी तयार आहे. नाथसागराच्या मच्छीमारांकडे तर आपल्याला पैठणपर्यंतच जावयाचे आहे.