काळजातलं बळद

सोलापूर ते तुळजापूर अंतर सुमारे ४५ किलोमीटर. कोजागरीच्या सुमारास हा रस्ता माणसांनी भरून वाहतो. सोलापूरकडचे, कर्नाटकातले, कुणी अनवाणी, कुणी कडेवर लेकरू घेऊन. रस्त्याच्या कडेला गावकरी पाणी, चहा, केळी घेऊन उभे असतात. आम्ही मोहल्ल्यातले चारजणही पाण्याचे जार घेऊन जातो.

काही वर्षांपूर्वी तामलवाडीच्या पुढं माझा शाळेतला मित्र चालत येताना दिसला. हवेत गारवा होता, पण गडी घामानं निथळत होता. हात थरथरत होते. मी हाक मारली तर त्यानं मला त्याच्या थोरल्या भावाच्या नावानं हाक दिली आणि भलतंच बोलू लागला. लोक म्हणाले, ‘अंगात आलंय.’ कुणी हळदी-कुंकू पुढं केलं. चालणाऱ्यांत दवाखान्यात काम करणारी एक पोरगी होती. तिनं एकच विचारलं, ‘यांना शुगर आहे का?’ होती. सकाळी गोळी घेतलेली, उपवास म्हणून पोटात चहाशिवाय काही नाही आणि पायाखाली वीसेक किलोमीटर रस्ता. त्याला गिळता येतंय हे बघून तिनं साखरेचं पाणी पाजलं. पाव तासानं तो मला म्हणाला, ‘तू कधी आलास रे?’

त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागलो. मी कविता लिहिणारा माणूस. ‘जिगर’ म्हणजे हिंमत, ‘वाघाचं काळीज’ म्हणजे धाडस, एवढंच मला ठाऊक. पण उर्दूतला जिगर म्हणजे मुळात यकृत, आणि खाटकाच्या दुकानातली कलेजीही तीच. चालणाऱ्याची हिंमत खरोखरच तिथं साठवलेली असते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

आपल्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. मेंदूला तर दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर साखर लागते. मग ती येते कुठून? जुन्या वाड्यात धान्याचं बळद असायचं, आठवा. सुगीत भरायचं, अडीनडीला उपसायचं. यकृत हे शरीराचं बळद. जेवणातली साखर आतड्यातून आधी यकृताकडं जाते. तिथं तिची ग्लायकोजेन नावाची साठवण होते, साधारण शंभर ग्रॅम. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५७ साली हा साठा यकृतातून वेगळा काढून दाखवला.

साठा स्नायूंतही असतो, यकृताच्या तीन-चार पट. पण ती ज्याच्या त्याच्या घरातली कणगी. मांडीच्या स्नायूतली साखर मांडीच वापरते; रक्तात परत सोडायला लागणारी किल्ली, म्हणजे एक विकर, स्नायूकडं नसतं. यकृताकडं असतं. म्हणून उपाशी गावाला धान्य वाटायचं काम यकृताचं.

आपण चालू लागलो की स्नायू रक्तातून साखर ओढतात. त्याच वेळी स्वादुपिंड इन्सुलिन कमी करतं आणि ग्लुकागॉन वाढवतं. इन्सुलिन म्हणजे बळदाला कुलूप, ग्लुकागॉन म्हणजे किल्ली. कुलूप निघतं आणि यकृत नेहमीपेक्षा कितीतरी पट साखर रक्तात सोडतं. स्नायू जेवढं नेतात तेवढंच बळद भरून देतं. म्हणून निरोगी माणूस तासभर चालला तरी त्याची रक्तातली साखर फारशी हलत नाही.

आणि यकृत नुसतं वाटत नाही, नवं तयारही करतं. आपला जिल्हा खो-खोचा. इथल्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोतल्या त्या जीव तोडून पळण्यात स्नायूंत लॅक्टेट तयार होतं. ते वाया जात नाही. रक्तातून यकृतात येतं, तिथं त्याची पुन्हा साखर होते आणि ती परत पायांकडं जाते. हे चक्र कोरी दांपत्यानं शोधलं; त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं.

पण बळदालाही तळ असतो. १९२४ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं. शर्यत संपवून गलितगात्र झालेल्या काहींची साखर फार खाली गेली होती. पुढच्या वर्षी धावताना गोड खायला दिलं, तेव्हा ते पुष्कळ ताजेतवाने राहिले.

आता माझ्या मित्राकडं वळू. इन्सुलिनचं इंजेक्शन आणि शुगरच्या काही गोळ्या शरीरातलं इन्सुलिन चढंच ठेवतात. पाय चालू लागले म्हणून ते कमी होत नाही. म्हणजे स्नायू साखर ओढतायत, पोटातून नवी येत नाही आणि बळदाला मात्र कुलूप. देवी कोपली नव्हती की अंगात आली नव्हती. मेंदू उपाशी होता.

हे दुसऱ्यालाच सांगतो असं नाही. मलाही शुगर आहे, आणि घरात न सांगता, डॉक्टरांना न विचारता मी काही वर्षं रोजे केले. सहेरीनंतर दिवसभर यकृतच आपल्याला सांभाळतं, या भरवशावर नव्हे. लोक काय म्हणतील या भीतीनं. आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोज्याची सवलत आहे, हे ठाऊक असूनही. आता रमजानच्या आधी डॉक्टरांकडं जातो. ते गोळीची वेळ आणि मात्रा बदलून देतात. एखाद्या वर्षी ‘नको’ म्हणाले तर ऐकतो.

तेव्हा श्रोतेहो, शुगर असली तरी चाला, जरूर चाला. पण वारीला निघताना, नवरात्राच्या उपवासाआधी, रोज्याआधी औषधाचं विचारून घ्या. खिशात साखर ठेवा. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की तीन चमचे साखर पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत फरक नाही पडला तर पुन्हा द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. चालून आल्यावर रात्री स्नायू आपली कणगी भरून घेतात, तेव्हाही साखर उतरू शकते. म्हणून जेवून झोपा.

माझा मित्र पुढच्या वर्षीही चालत आला. मी पाण्याचा ग्लास पुढं केला, तर त्यानं हसत खिशातली साखरेची पुडी दाखवली.