अळंबीगृहातील थंडावा आणि ऊब : यंत्रापूर्वीचा हिशेब



पाऊस लागल्यावर वारुळांवर उगवणाऱ्या अळमीची चव गोमंतकीयांना नव्याने सांगावयास नको. ही अळमी वाळवीच्या आश्रयाने वाढते. वारुळाच्या पोटातील ऊब, ओल आणि हवा वाळवी स्वतः सांभाळते. म्हणूनच माणसाला ती अद्याप व्यापारी शेतीत आणता आलेली नाही, आणि वारुळे ओरबाडून ती गोळा करणे म्हणजे पुढच्या वर्षीचे बियाणे खाणे होय. जी अळंबी बंदिस्त खोलीत पिकविता येते, तिच्यासाठी वाळवीचे हे काम उत्पादकालाच करावे लागते, आणि त्याचे बिल वीजखाते पाठविते.

अळंबीगृह उभारू पाहणारा होतकरू तरुण बहुधा प्रथम विचारतो तो यंत्राविषयी. खोली एवढी, तर यंत्र किती टनांचे घ्यावे? परंतु हा प्रश्न नंतरचा. कोणत्या जातीची अळंबी घ्यावयाची, हे आधी ठरले पाहिजे. कारण प्रत्येक जातीचा स्वभाव निराळा आहे. हॉटेलांत मागणी असणारी पांढरी बटन अळंबी बीजप्रसाराच्या काळात २२ ते २५ अंश सेल्सिअस तपमान मागते, आणि फळधारणेच्या वेळी १४ ते १८ अंश. धिंगरी साधारणतः २० ते ३० अंशांत सुखाने वाढते. दुधी अळंबी आणि भाताच्या पेंढ्यावरील अळंबी यांना तर ३० ते ३५ अंशांची उष्णताच मानवते. यांपैकी दुधी अळंबी ही मूळ भारतीय जात असून, १९७४ साली पुरकायस्थ आणि चंद्रा या शास्त्रज्ञांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. किनारपट्टीच्या हवेत दुधी किंवा धिंगरी घेणाऱ्याला सावली, ओलावा आणि खेळती हवा यांवर बरेचसे भागविता येते. बटन अळंबी घेणाऱ्याने मात्र वर्षभर निसर्गाशी झुंज मांडलेली असते. ती मांडू नये असे नाही. पण मांडण्यापूर्वी शत्रूचे बळ मोजावे.

हे बळ उष्णतेपेक्षा आर्द्रतेत अधिक आहे. बाहेर ३२ अंश तपमान आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तेव्हा एक घनमीटर हवेत सुमारे २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. तीच हवा १६ अंशांवर आणून ९० टक्के आर्द्रतेची केली, तर तिच्यात जेमतेम १२ ग्रॅम पाणी राहू शकते. उरलेले १३ ग्रॅम यंत्राने पिळून काढावयाचे असते. अळंबीही श्वास घेते. बटन अळंबीच्या खोलीत कर्बद्विप्राणिल वायू फळधारणेच्या काळात ०.१ टक्क्याच्या वर जाऊ लागला की देठ लांबतात आणि टोप्या खुजी राहतात. तेव्हा ताजी हवा घ्यावीच लागते. तासाला १,००० घनमीटर हवा आत घेणारी खोली मानली, तर तासाला १३ लिटर पाणी निथळते आणि केवळ त्या हवेपोटी सुमारे १५ किलोवॅट उष्णता बाहेर फेकावी लागते. प्रशीतनाचा एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. म्हणजे चार टनांहून अधिक शक्ती नुसत्या ताज्या हवेत खर्ची पडली. तीन भाग उष्णता काढण्यास एक भाग वीज लागते असे धरले आणि हाच ताण अहोरात्र राहिला, तर दिवसाकाठी १२० युनिटे झाली. भिंतींतून झिरपणारी उष्णता आणि खुद्द कंपोस्टातून निघणारी उष्णता यांत अजून धरलेलीच नाही. बीजप्रसाराच्या काळात कंपोस्टाचे तपमान खोलीच्या हवेपेक्षा काही अंशांनी चढलेले असते, हे उत्पादकाने हात घालून नव्हे, तापमापक खुपसून पाहावे.

खोलीच्या चौरस फुटांवरून यंत्राचा टनभार सांगणाऱ्या विक्रेत्याच्या हिशेबात यांतील बहुतेक रकमा नसतात. दिवाणखान्यासाठी बनविलेले वातानुकूलन यंत्र अळंबीगृहात बसविण्याचा मोह त्यातूनच होतो. ते यंत्र आतलीच हवा फिरविते, ताजी हवा देत नाही; शिवाय ते हवा अधिक कोरडी करते, म्हणून उत्पादक पाणी फवारतो आणि यंत्र तेच पाणी पुन्हा गाळून बाहेर टाकते. व्यापारी प्रमाणावर बटन अळंबी घेणाऱ्यास ताजी व आतील हवा प्रमाणात मिसळणारे, गाळणारे, गार करणारे आणि गरज पडल्यास ओलावा देणारे हवा-नियंत्रक यंत्रच हवे.

पाणी झिरपविणारा साधा कूलर पुष्कळांना स्वस्त तोड वाटतो. ग्वाल्हेरच्या बाजूला उन्हाळ्यात तो खरोखर कामाचा आहे. ४० अंश तपमान आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या हवेला चांगला कूलर सुमारे २६ अंशांवर आणतो, आणि ओलावाही देतो; धिंगरीला आणखी काय हवे? तोच कूलर गोव्याच्या ३२ अंशांच्या दमट हवेला २९ अंशांखाली नेऊ शकत नाही. तिकडील नातेवाइकाचा यशस्वी प्रयोग पाहून इकडे यंत्र मागविणाऱ्याने एवढे ध्यानी घ्यावे.

ऊब देण्याचा प्रश्न किनारपट्टीवर फारसा पडत नाही, तरी बटन अळंबीचे कंपोस्ट निर्जंतुक करण्यासाठी ते सुमारे ५८ ते ६० अंशांवर काही तास राखावे लागते, आणि त्याकरिता वाफेची सोय हवीच. उत्तरेकडे हिवाळ्यात झोपड्यांतून बटन अळंबी घेतात, तेथे गारठ्याच्या रात्री खोली उबविण्याची पाळी येते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवणे हा उपाय प्राणघातक आहे. तिच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. आत झोपलेला रखवालदार सकाळी उठेलच असे नाही. उष्णता वाफेच्या नळ्यांतून किंवा बाहेर तापविलेल्या हवेतून आत आणावी.

भिंती आणि छप्पर यांवर केलेला खर्च यंत्रावरील खर्चापेक्षा लवकर वसूल होतो. दुधी व धिंगरीसाठी झावळ्यांचे जाड छप्पर, झाडांची सावली आणि भिजविलेले गोणपाट पुरे. थंड खोलीला मात्र उष्णतारोधक फलक हवेत, आणि त्यांच्या बाहेरील, म्हणजे गरम बाजूस वाफरोधक थर अखंड हवा. तो फाटला की दमट हवा भिंतीत शिरून थिजते आणि फलक भिजून निकामी होतो. वीज गेल्यास काय, याचेही उत्तर जनित्राच्या रूपाने आधीच तयार असावे.

कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी एक स्वस्त काम करण्यासारखे आहे. नियोजित जागी कोरड्या व ओल्या फुग्याचे तापमापक टांगून पहाटे, दुपारी दोनला आणि रात्री नऊला नोंद घ्यावी. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा. हे उपकरण हाताळणे गावच्या शाळेतील विज्ञानशिक्षक मुलांनाही सहज शिकवू शकतील. त्या नोंदींचा तक्ता विभागीय कृषी कार्यालयातील अधिकाऱ्यासमोर, बँकेच्या व्यवस्थापकासमोर आणि यंत्रविक्रेत्यासमोर ठेवावा, आणि विक्रेत्याकडून ताजी हवा, ओलावा, कंपोस्ट व भिंती यांचा उष्णताभार वेगवेगळा मांडून लेखी घ्यावा.