रक्तपिपासू, वेताळ आणि राजवाडा



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा बोनस, महागाई किंवा नवे कामगार कायदे असे काही उत्तर त्यांना अपेक्षित असावे. आम्ही विषय दिला तो रक्त पिणाऱ्या भुतांच्या कथांतील राजकारणाचा! चालकांनी तो हसून मान्य केला, याबद्दल त्यांचे आभार.

हल्ली आमच्या कारखान्यांतील तरुण मंडळी ज्या कथा वाचतात आणि मोबाइलवर पाहतात, त्यांत मध्ययुगीन राजवाडे असतात, गादीसाठी झुंजणारी घराणी असतात, आणि त्या घराण्यांत माणसाचे रक्त पिऊन शेकडो वर्षे जगणारे सरदार दडलेले असतात. इंग्रजीत त्यांना व्हँपायर म्हणतात. वडीलधारी माणसे म्हणतात, हा वेळेचा अपव्यय आहे, शिवाय परका माल आहे. आमचे मत निराळे आहे. हा माल परका तर नाहीच. त्याचे एक मूळ आपल्या शेजारी आहे. शेवगाव तालुका ओलांडून गोदावरी पार केली की पैठण लागते. त्या पैठणापासून, म्हणजे जुन्या प्रतिष्ठानापासून, आपण सुरुवात करू.

कथा अशी सांगतात की, प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाला संस्कृत येत नव्हते. जलक्रीडेत राणीने संस्कृतात सांगितले, ‘पाणी उडवू नका’. राजाने मोदक मागवले. राणी हसली, राजा खजील झाला. गुणाढ्य नावाचा मंत्री म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज मारली आणि हरला. पैजेप्रमाणे संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडून तो अरण्यात गेला. उरली होती पैशाची, म्हणजे पिशाच्चांची भाषा. तीत त्याने बृहत्कथा लिहिली. आणि अरण्यात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली! सात लाख श्लोक. राजाने त्या ग्रंथाकडे तुच्छतेने पाहिले, तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. ऐकता ऐकता पशूंनी चरणे सोडले, राजाच्या ताटातले मांस शुष्क झाले, म्हणून चौकशी झाली. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते.

ही दंतकथा आहे, हे उघड आहे. पण तिच्यातले दरबारी राजकारण पाहा. राजाला लवकर खूश करणारा दरबारात राहतो. वेळ मागणारा अरण्यात जातो. आणि राजाला जाग केव्हा येते? ताटातला घास बिघडतो तेव्हा! संपाच्या वाटाघाटींना बसलेल्या माणसाला हे फोडून सांगावे लागत नाही.

मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. पण तिची परंपरा सांगणारा कथासरित्सागर अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यमतीसाठी रचला, आणि त्यात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. ज्या दरबारात त्या ऐकल्या गेल्या, तेथे राजा अनंत आणि त्याचा मुलगा कलश यांचे हाडवैर होते. 1081 साली अनंताने आत्महत्या केली आणि सूर्यमती सती गेली. भुतांच्या गोष्टी ऐकणाऱ्या राणीच्या घरात भुतांपेक्षा भयंकर असे काही चालले होते.

वेताळपंचविशी आपण लहानपणी ऐकली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ती 1830 साली मराठीत आणली. आपल्याला आठवतात ती कोडी. बाहेरची गोष्ट विसरते. ती गोष्ट शुद्ध कारस्थानाची आहे. एक भिक्षू राजाला रोज एक फळ देतो. पुढे एका माकडामुळे फळ फुटते आणि आत रत्न निघते. उपकाराखाली दबलेल्या राजाला तो म्हणतो, स्मशानातले एक प्रेत आणून दे. त्या प्रेतात वेताळ असतो. तो वाटेत प्रश्न घालतो, आणि शेवटी सांगतो की, भिक्षू तुझाच बळी देणार आहे, कारण त्याला विद्याधरांचे साम्राज्य हवे आहे. तो नमस्कार घाल म्हणेल, तेव्हा ‘आधी तू करून दाखव’ म्हण. राजा तसे करतो आणि भिक्षूचेच डोके उडवतो.

म्हणजे आपल्या कथेत प्रेतात राहणारा तो प्रश्न विचारणारा, आणि रक्ताचा खरा तहानलेला तो फळे वाटणारा! आमच्या मते हा भेद फार मोलाचा आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबा आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. आपला वेताळ गस्त घालतो. पायताण झिजेपर्यंत काम करणारे असे दैवत कामकऱ्यांना जवळचे वाटले, यात नवल काय?

रिचर्ड बर्टन या इंग्रजाने 1870 साली याच कथा इंग्रजीत नेल्या आणि ग्रंथाच्या नावात वेताळाला व्हँपायर केले. पुढे 1897 साली ब्रॅम स्टोकरची ड्रॅक्युला आली. त्या नावाचा खरा राजपुरुष पंधराव्या शतकातला, वालेकियाचा व्लाद. माणसे सुळावर देण्याबद्दल तो कुप्रसिद्ध होता. परंतु 1462 साली हंगेरीच्या राजाने त्याला कैद केले आणि नंतर त्याच्या क्रौर्याची वर्णने जर्मन भाषेत छापून गावोगाव गेली. तो क्रूर होताच. पण त्याचा राक्षस बनवणे हेही त्या काळचे राजकारण होते.

आता आपल्या गावाकडे येऊ. हे अहिल्यानगर, म्हणजे कालचे अहमदनगर, 1494 साली वसले. येथल्या किल्ल्यात घडलेल्या गोष्टींपुढे या कादंबऱ्या फिक्या पडतात. 1588 साली मुर्तजा निजामशहाला त्याच्या मुलाने हमामखान्यात कोंडून, भट्टी पेटवून मारले. पुढच्याच वर्षी त्या मुलाचे मुंडके मंत्र्याने किल्ल्यावरून लोकांना दाखवले. खवळलेल्या जमावाने किल्ल्यात शिरून परदेशी सरदारांची कत्तल केली. इतिहासकार फिरिश्ता तेव्हा याच दरबारी होता. तो विजापूरला निघून गेला. मग इस्माईल गादीवर आला. 1591 साली बापाने, बुऱ्हाणाने, त्याला काढून गादी घेतली. 1595 साली बुऱ्हाण वारला आणि काही महिन्यांत त्याचा मुलगा इब्राहिम लढाईत पडला. सात वर्षांत पाच सुलतान!

यानंतरचा प्रसंग आमच्या विषयाच्या गाभ्याचा आहे. ड्रॅक्युलाच्या कथेत एक नियम आहे: घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय तो उंबरा ओलांडू शकत नाही. 1595 साली मियाँ मंजू या मंत्र्याने प्रतिपक्षाला चेपण्यासाठी अकबराचा मुलगा मुराद याला निरोप धाडला. मुराद आला, तोवर मंजूला पश्चात्ताप झाला होता; पण दार उघडले गेले होते. चांदबिबीने किल्ला झुंजवला, सुरुंगाने पडलेले खिंडार एका रात्रीत भरून काढले. तरी वऱ्हाड द्यावे लागले. आणि 1600 साली, ती मोगलांना फितूर झाली अशी हूल उठवून, किल्ल्यातल्याच लोकांनी तिला ठार केले. त्यानंतर किल्ला पडला. दार उघडणारा मोकळा राहिला आणि दार राखणारी फितूर ठरली. आमच्या चळवळीत फूट पडते तेव्हा नेमके हेच होते, आणि हूल कुणी उठवली हे विचारायला कुणाला सवड नसते.

या कादंबऱ्यांवर आमचा आक्षेप एकच आहे. त्यांत रक्त पिणाऱ्यांची कुळे, वैरे, तह सारे तपशीलवार असते. ज्यांचे रक्त जाते ती गावे मात्र केवळ खाद्य म्हणून येतात. त्यांना नाव नाही, बोलणे नाही. निजामशाहीच्या बखरीसारख्या हकिगतींतही तेच. मलिक अंबर लक्षात राहतो तो लढायांबरोबरच जमिनीची मोजणी करून साऱ्याची घडी बसवली म्हणून. कारण तेथे एकदाची रयत दिसते.

मार्क्सने 1867 सालच्या ग्रंथात भांडवलाला रक्तपिपासू भुताची उपमा दिली, ती कामाच्या तासांबद्दल बोलताना. ती आम्ही गेटसभेत पुष्कळ वापरली आहे, टाळ्या पडतात. पण उपमेला मर्यादा असते. कादंबरीतला रक्तपिपासू छातीत खुंटी ठोकली की मरतो. कारखान्यात एक मालक जाऊन दुसरा येतो, आणि तास तेच राहतात. तेथे खुंटी कामाला येत नाही. तेथे हजेरीपट आणि पगारपत्रक मागावे लागते. म्हणजे वेताळासारखे प्रश्न विचारावे लागतात, आणि उत्तर मिळाले तरी पुन्हा झाडावर जाऊन बसावे लागते.

तेव्हा तरुण मित्रांनो, या कथा जरूर वाचा. मात्र वाचताना विचारा: दार आतून कुणी उघडले? आणि रक्त कुणाचे गेले? हे दोन प्रश्न सुटले, तर कादंबरी वाया गेली नाही. आणि कुणी तुम्हांला रोज फळ आणून देऊ लागला, तर ते एकदा फोडून पाहा.